इओल, सीझेरिया, शर्शाल: जूबा राजाच्या मागावर सहा दिवस

दिवस पहिला: अल्जीयर्स

मंदार विमानतळावर न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात कागदात गुंडाळलेला गरम पाव होता. "ताई, आधी हे खा, मग बोलू." पावात बेसनाची मऊ, जाड वडी, वर जिरेपूड आणि लाल तिखटाची चटणी. इथे हिला गरान्तीता म्हणतात. पिठल्याची वडी ताटात थापायच्या ऐवजी भट्टीत भाजली तर जशी लागेल तशीच ती लागते. दोन विमानं बदलून आल्याचा शीण पहिल्या घासालाच उतरला.

मंदार माझा धाकटा भाऊ. तीन वर्षांपासून एका बांधकाम प्रकल्पावर तो इथे नोकरीला आहे. 'समुद्र बघायला ये' म्हणून तो बोलवत होता. मी आले ती जूबासाठी. दोन हजार वर्षांपूर्वी इथे राज्य करणारा हा राजा; आजचं शर्शाल, आधीचं इओल आणि मग सीझेरिया, ही त्याची राजधानी.

जूबा मला भेटला तो एका नाण्यावर. जुन्या नाण्यांचा मला बरीच वर्षं नाद आहे. एका सूचीत रोमन काळातल्या चांदीच्या नाण्याचं चित्र होतं. एका बाजूला डोक्याला फीत बांधलेल्या तरुणाचा चेहरा आणि लॅटिनमध्ये 'रेक्स जूबा', म्हणजे राजा जूबा. दुसऱ्या बाजूला ग्रीकमध्ये 'बसिलिस्सा क्लिओपात्रा', म्हणजे राणी क्लिओपात्रा. नवरा एका भाषेत राजा, बायको दुसऱ्या भाषेत राणी, आणि नाणं एकच. ही क्लिओपात्रा म्हणजे जगप्रसिद्ध क्लिओपात्राची मुलगी, क्लिओपात्रा सेलीनी. ते पान मिटल्यावरही ती दोघं डोक्यातून जाईनात.

आधी त्याच्या वडिलांचं सांगायला हवं. त्यांचंही नाव जूबाच. ते नुमिडियाचे, म्हणजे ढोबळमानाने आजच्या पूर्व अल्जीरियाचे राजे. रोमच्या यादवीत त्यांनी सीझरच्या विरुद्ध पाँपेच्या पक्षाची बाजू धरली. इ.स.पू. ४६ मध्ये ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर थाप्सस इथे सीझर जिंकला. हरलेला राजा आणि त्याचा रोमन साथी पेट्रेयस यांनी एकमेकांच्या हातून मरण यावं म्हणून आपसात द्वंद्व केलं, असं इतिहासकार सांगतात. राज्य खालसा होऊन रोमचा प्रांत झालं. राजाचं तान्हं पोर रोमला नेलं आणि सीझरच्या विजययात्रेत लोकांपुढून मिरवलं. त्याच वर्षीच्या यात्रांमध्ये क्लिओपात्राची बहीण आर्सिनोई साखळदंडात चालत होती. त्या पोराची ती पुढे मावससासू होणार होती.

ग्रीक चरित्रकार प्लुटार्क म्हणतो की ही कैद त्या मुलाला फार भाग्याची ठरली, कारण त्यामुळेच तो मोठा विद्वान इतिहासकार झाला. मला हे कधीच पटलेलं नाही. विद्वान झाला हे खरं. पण आईबापांच्या जाण्याला भाग्य म्हणायचा अधिकार कुणाला असेल तर तो त्या पोराला, आणि त्याने याबद्दल काही लिहिलं असलं तरी ते आज शिल्लक नाही.

दिवस दुसरा: टेकडीवरची कबर

सकाळी साडेसातला निघालो. गाडी चालवायला मंदारच्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ होते. मंदार त्यांना 'अम्मी' म्हणत होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चमकले. इथल्या अरबीत अम्मी म्हणजे काका. तासाभरात मीही त्यांना अम्मीच म्हणू लागले.

अल्जीयर्सचं रोमन काळातलं नाव इकोसियम. तिथून पश्चिमेला समुद्र धरून निघालं की टिपासाच्या अलीकडे, सिदी राशेद गावाजवळ, टेकडीच्या माथ्यावर एक प्रचंड दगडी ढिगारा दिसायला लागतो. बऱ्याच लांबून दिसतो आणि बराच वेळ जवळ येत नाही. मग एका वळणानंतर एकदम समोर उभा. यालाच इथे 'क़बर रूमिया' म्हणतात.

खाली गोल भिंत, तिच्याभोवती आयोनिक धाटणीचे साठ अर्धस्तंभ, आणि वर पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होत गेलेला शंकू. व्यास साधारण ६१ मीटर. उंची आज ३२ मीटर आहे. मूळची याहून जास्त होती. चार दिशांना चार दारं, प्रत्येक जवळपास सात मीटर उंच, आणि चारही खोटी. अख्ख्या दगडात कोरलेल्या दारांवरच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांचा क्रूस दिसतो. म्हणून लोक तिला रूमियाची, म्हणजे ख्रिस्ती किंवा रोमी बाईची कबर म्हणू लागले. बांधली तेव्हा ख्रिस्ती धर्माचा जन्मही झालेला नव्हता.

मी पूर्ण फेरी मारली. पुन्हा मारली. उत्तरेच्या बाजूला उभं राहिलं की खाली समुद्र, दक्षिणेला मितीजाचं सपाट, हिरवं मैदान. मार्चचा शेवट होता. दगडांच्या फटींतून पिवळी रानफुलं आली होती. वारा असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू येईना.

अम्मींनी लहानपणी ऐकलेली गोष्ट मला पदराचा आडोसा करून सांगितली. सोळाव्या शतकात अल्जीयर्सच्या पाशाने, सालाह रईसने, खजिन्याच्या आशेने ही कबर फोडायला माणसं लावली. पहिला दगड हलला आणि आतून काळ्या गांधीलमाश्यांचा लोंढा बाहेर पडला. माणसं पळाली. पुढे अठराव्या शतकात दुसऱ्या एका पाशाने तोफा डागून पाहिल्या. पूर्वेकडच्या खोट्या दारावर त्याचे घाव आजही दिसतात. अम्मींनी त्या जागेवर हात ठेवून दाखवला.

खरा दरवाजा सापडला १८६६ मध्ये. फ्रेंच संशोधक बर्ब्रुगर आणि मॅककार्थी यांनी दगडात छिद्रं पाडत पाडत आतली पोकळी हुडकली. प्रवेश होता पूर्वेच्या खोट्या दाराच्या खाली, जमिनीत. आत एका दालनात सिंह आणि सिंहीण कोरलेली, मग गोल फिरत जाणारा, जवळपास दीडशे मीटर लांबीचा बोगदा, आणि शेवटी मधोमध दोन लहान खोल्या. दोन्ही रिकाम्या. चोर केव्हाच येऊन गेले होते. आत आता कुणाला सोडत नाहीत. मी खालच्या बंद दारापाशी बसून घेतलं.

जूबाच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी लिहिणारा भूगोलकार पोम्पोनियस मेला सांगतो, की इओल आणि इकोसियमच्या मध्ये राजघराण्याचं सामाईक स्मारक आहे. ते हेच. जूबा आणि सेलीनी इथेच ठेवले गेले, असं बहुतेक जण मानतात.

सेलीनी इथे कशी आली, ते बघा. तिची आई इजिप्तची राणी आणि वडील मार्क अँटनी. इ.स.पू. ३० मध्ये दोघांनी आत्महत्या केल्या. पुढच्या वर्षी त्यांना हरवणाऱ्या ऑक्टेव्हियनच्या, म्हणजे सीझरच्या दत्तक वारसाच्या आणि पुढच्या सम्राट ऑगस्टसच्या, विजययात्रेत दहा-अकरा वर्षांची सेलीनी आणि तिचा जुळा भाऊ अलेक्झांडर हेलिओस यांना आईच्या प्रतिमेबरोबर रोमच्या रस्त्यांवरून नेलं. हेलिओस म्हणजे सूर्य, सेलीनी म्हणजे चंद्र. मग मुलांना वाढवायला दिलं कुणाकडे, तर ऑक्टेव्हियाकडे. ऑक्टेव्हियनची ही बहीण अँटनीची टाकलेली बायको. त्या बाईने नवऱ्याची, सवतीची मुलं आपल्या घरात वाढवली. रोमच्या इतिहासातल्या मोठमोठ्या सेनापतींपेक्षा मला ऑक्टेव्हिया मोठी वाटते.

त्याच घरदारात जूबाही वाढत होता. दोघांनाही लहानपणी एकाच शहरातून, एकाच प्रकारे मिरवलेलं. पुढे दोघांचं लग्न लावून देण्यात आलं. रोमन इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो, की सेलीनीचं लग्न झालं तेव्हा ऑगस्टसने तिच्यासाठी आणि जूबासाठी तिच्या दोन्ही भावांना जीवदान दिलं. त्या भावांचं पुढे इतिहासात नावही येत नाही. वाऱ्यापासून माझ्यासाठी आडोसा धरून उभ्या असलेल्या मंदारकडे बघताना मला ते दोघं आठवत राहिले.

सेलीनी नवऱ्याच्या बरीच आधी गेली. मायटिलीनीच्या क्रिनागोरस कवीने तिच्यावर सहा ओळी लिहिल्या: उगवता चंद्र काळवंडला, कारण त्याच्या नावाची सेलीनी अंधारात उतरली होती.

दिवस तिसरा: टिपासा

शुक्रवार, इथली सुट्टी. दुपारच्या नमाजापर्यंत गाव सामसूम. टिपासाचे अवशेष थेट समुद्रात उतरतात. फोरम, रंगमंडल, आणि दूरच्या टेकाडावर संत साल्साचं चर्च. मागे शेनुआ डोंगर. १९८२ पासून ही जागा जागतिक वारसा यादीत आहे आणि तो मान तिला शोभतो. पण यातलं बहुतेक बांधकाम जूबाच्या नंतरच्या शतकांतलं. त्याच्या वेळी हे प्युनिक, म्हणजे कार्थेजकडच्या, व्यापाऱ्यांचं बंदर होतं. म्हणून मी इथे फार रेंगाळले नाही. एका दगडावर बसून संत्री खाल्ली आणि लाटा बघितल्या.

दुपारी अम्मींनी त्यांच्या लेकीच्या घरी नेलं. शुक्रवारी घरोघरी कुसकुस असतो. मोठ्या लाकडी परातीत वाफवलेला रव्याचा मोकळा दाणा, वर भोपळा, गाजर, हरभरे आणि रस्सा. मी मटण खात नाही म्हणताच लेकीने माझ्या बाजूला भाज्यांचा ढीग केला. परात एकच, चमचे आठ. ती घरात शेनुई बोलते, म्हणजे या डोंगरातली बर्बर, उत्तर आफ्रिकेच्या मूळ रहिवाशांची, भाषा. जूबाच्या प्रजेतल्या डोंगराळ माणसांची बोली याच कुळातली. 'जूबा माहीत आहे का?' विचारल्यावर तिचा शाळकरी मुलगा ताडकन म्हणाला, "यूबा! शर्शालचा राजा. त्याच्याकडे खूप पुस्तकं होती."

दोन हजार वर्षांनी राजाची ही ओळख शिल्लक आहे. रोमन ज्ञानकोशकार थोरल्या प्लिनीनेही हेच लिहून ठेवलंय: राज्यापेक्षा विद्वत्तेमुळे जास्त लक्षात राहिलेला राजा.

दिवस चौथा: शर्शाल

टिपासापासून शर्शाल पंचवीसएक किलोमीटर. फिनिशियन लोकांनी वसवलेलं इओल. इ.स.पू. २५ मध्ये ऑगस्टसने जूबाला राज्य दिलं ते मॉरेटानियाचं: आजचा उत्तर मोरोक्को आणि पश्चिम-मध्य अल्जीरिया. वडिलांचं राज्य परत दिलं नाही. ते रोमचा प्रांत झालेलं, आणि तसंच राहिलं. जे दिलं ते बोकस नावाच्या दुसऱ्या राजाचं. तो आठ वर्षांपूर्वी गेल्यापासून तिथे राजा नव्हता. तान्हेपणापासून रोममध्ये राहिलेल्या, ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या विशी-पंचविशीच्या तरुणाला अनोळखी मुलखाचा राजा म्हणून पाठवलं. रोमच्या कागदोपत्री असा राजा 'मित्र आणि साथी' असायचा. आपल्या भाषेत मांडलिक. दरबार त्याचा, नाणी त्याची. पण युद्ध कुणाशी करायचं आणि मैत्री कुणाशी, हे रोम ठरवणार.

जूबाने राजधानीचं नाव बदलून सीझेरिया केलं. ज्या घराण्याने बापाचं राज्य घेतलं, त्याचंच नाव. मी पूर्वी हे वाचलं तेव्हा लाचारी वाटली होती. आज गावात फिरताना तसं वाटेना. ज्या माणसाला आपल्या घराची आठवणच नाही, त्याने वाढवणाऱ्याचं नाव दिलं. याला लाचारी म्हणायला माझी जीभ आता रेटत नाही.

गावच्या मुख्य चौकात समुद्राकडे तोंड करून बाकं आहेत, जाडजूड बुंध्यांची सावलीची झाडं आहेत आणि मध्ये कारंजं. रोमन खांबांचे तुकडे इकडेतिकडे असे ठेवलेत की म्हातारी माणसं त्यांवर टेकून गप्पा मारतात. चौकालगतच जुनं वस्तुसंग्रहालय आहे.

आत शिरले आणि पुढचे तीन तास कुठे गेले कळलं नाही. अपोलोचा पुतळा, चिलखतावर अख्खी कथा कोरलेला भव्य पुतळा, ग्रीक मूर्तींच्या एकापेक्षा एक सुबक नकला. हे सगळं जूबाच्या हौसेने जमवलेलं. संगमरवर इटलीतून समुद्रमार्गे यायचा. जूबाचं शिर बघायला मी आले होते. ते दिसलं आणि मी जरा वेळ बोललेच नाही. डोक्याला राजेपणाची फीत. दाट, आखूड कुरळे केस. ओठ मिटलेले, नजर किंचित बाजूला. चेहरा तरुण आहे, उमेदीचा आहे म्हणवत नाही. मोरोक्कोत व्होल्युबिलिसला सापडलेलं त्याचं कांस्याचं शिर आता रबातमध्ये आहे. त्याचे फोटो मी शंभरदा पाहिलेत. तिथेही हाच भाव आहे.

शेजारी एका स्त्रीचं शिर. काही अभ्यासकांच्या मते ती सेलीनी, काहींच्या मते तिची आई. मंदार म्हणाला, "आई आणि मुलीत गोंधळ होणारच. तुझ्यात आणि आईत होतो तसा."

मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते इजिप्तहून आलेल्या वस्तूंनी. या गावात फेरो पहिल्या थुटमोसच्या पुतळ्याचा खालचा भाग सापडला. तो जूबाच्या वेळीच चौदाशे-पंधराशे वर्षं जुना होता. प्ताह देवाच्या एका तरुण पुजाऱ्याचा पुतळाही सापडला. तो पुजारी इ.स.पू. ३० च्या उन्हाळ्यात वारला, ज्या दिवसांत अलेक्झांड्रिया पडली त्याच दिवसांत. म्हणजे सेलीनीच्या आईचं राज्य बुडालं त्या आठवड्यांची खूण कुणीतरी एवढ्या लांब, समुद्र ओलांडून इथे आणली. कुणी ते कुठे लिहिलेलं नाही, पण माझ्या मनात शंका नाही. माहेरची वस्तू कोण आणतं?

नाण्यांवरही तेच: मगर, इसिस देवीचा मुकुट आणि तिच्या पूजेतला खुळखुळा. आणि मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव जूबा ठेवलं नाही, नुमिडियातलं दुसरं कुठलं नावही नाही. नाव ठेवलं टॉलेमी. आईच्या घराण्याचं.

जूबाने नाइलचा उगमही आपल्याच राज्यात शोधला. पश्चिमेच्या डोंगरातल्या एका सरोवरात नाइल जन्मते, कारण तिथे नाइलसारखेच मासे आणि मगरी आहेत, असं त्याचं म्हणणं. पुराव्यादाखल त्याने एक मगर इथल्या इसिसच्या मंदिरात वाहिली होती. प्लिनीच्या काळी ती तिथे बघायला मिळायची. भूगोल साफ चुकलेला. पण बायकोची नदी आपल्या डोंगरातून निघते हे सिद्ध करायला धडपडणारा राजा मला फार जवळचा वाटला.

संध्याकाळी रंगमंडल. जूबाने नाटकाचा आणि चित्रकलेचा इतिहास लिहिला होता, रोम, अरबस्तान, असिरिया, लिबिया यांच्यावर ग्रंथ लिहिले होते. एकही पूर्ण उरला नाही. इतर लेखकांनी उचललेले तुकडे तेवढे आहेत. अलेक्झांडरचं आरमार सिंधूच्या मुखाकडून इराणला परतलं, तो प्रवास प्लिनी त्या आरमारातल्या ओनेसिक्रिटसच्या आधाराने सांगतो. आणि तोही 'अलीकडे जूबाने पुन्हा मांडल्याप्रमाणे'. आपल्या बाजूच्या समुद्राची वर्णनं हा माणूस इथे बसून तपासत होता.

रंगमंडल आज खड्ड्यासारखं दिसतं. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी त्याचे दगड बांधकामाला काढून नेले. बसायच्या ओळींचा उतार मात्र शाबूत आहे. चार मुलं तिथे फुटबॉल खेळत होती. अजान झाली, चेंडू काखोटीला मारून ती घरी गेली, आणि आम्ही दोघं आणखी थोडा वेळ बसलो.

दिवस पाचवा: बंदर

आजचा दिवस जड गेला, कारण आज टॉलेमीचा होता.

सकाळी आधी गावाबाहेरचा जुना पाणीपूल बघितला. शेतात उभ्या कमानी, खाली मेंढ्या. मग दुसऱ्या संग्रहालयातली शेतीकामाची मोज़ेक. ती जूबानंतर दोनशे वर्षांनी घडलेली, तरी तिच्यापुढून पाय निघेना. ऑलिव्हच्या झाडांतून बैलांच्या जोड्या नांगर ओढतायत, एक जण बी फेकतोय, खालच्या रांगांत द्राक्षवेलीची मशागत. नांगरावर वाकलेल्या माणसाच्या पाठीचा बाक मी लहानपणी रोज पाहिलाय.

त्या नांगरणाऱ्यांचं जूबाबद्दल काय मत असेल? याचं उत्तर अर्धवट का होईना, मिळतं. इ.स. ६ मध्ये दक्षिणेच्या गेटुली टोळ्या उठल्या. राजा जूबावर नाराज, आणि रोमच्या हाताखाली राहायला तयार नाहीत, असं डिओ कॅसियस सांगतो. बंड मोडायला रोमचा सेनापती कॉर्नेलियस लेंटुलस यावा लागला. इ.स. १७ पासून टाकफारिनास नावाच्या, रोमच्याच सैन्यात शिकून निघालेल्या नुमिडियन माणसाने सात वर्षं आफ्रिका पेटवली, आणि मॉरेटानियातलेही लोक त्याला जाऊन मिळाले. संगमरवर, पुस्तकं, मगरी हे सगळं ज्यांच्या घामातून आलं त्यांना हा राजा परका वाटला असेल तर त्यात त्यांची चूक नाही. माझा जूबावर जीव आहे म्हणून हे झाकून ठेवणार नाही.

दुपारी बंदरावर आलो. समोरच्या छोट्या बेटावर आज दीपगृह आहे. प्राचीन अष्टकोनी दीपगृहाचे अवशेषही तिथलेच. कोळी जाळी साफ करत होते, सारडीनच्या टोपल्या उतरत होत्या. इथून जूबाची जहाजं जायची. मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यालगतच्या बेटांवर त्याने समुद्री गोगलगाईपासून जांभळा रंग काढायचे कारखाने उभारले. आजच्या एस्साविरासमोरची ती बेटं. आणखी पुढे, भर समुद्रात, त्याने शोधमोहीम पाठवली. एका बेटावर प्रचंड कुत्रे सापडले; त्यातले दोन राजासाठी आणले. लॅटिनमधल्या 'कानिस' या कुत्र्यासाठीच्या शब्दावरून बेट झालं कानारिया. आजची कॅनरी बेटं ती हीच.

जूबा इ.स. २३ मध्ये गेला. जवळपास अठ्ठेचाळीस वर्षं राज्य केलं. टॉलेमी गादीवर आला, टाकफारिनासविरुद्ध रोमला मदत केली. सिनेटने त्याला हस्तिदंती दंड आणि नक्षीचा झगा देऊन 'राजा, साथी, मित्र' म्हणून गौरवलं. त्याच्याकडे सुगंधी लाकडाचं, दोन अर्धवर्तुळं जोडून केलेलं साडेचार फूट व्यासाचं मेज होतं, आणि सांधा कुठे आहे ते दिसत नसे, असं प्लिनी कौतुकाने लिहितो.

इ.स. ४० मध्ये रोमचा सम्राट कॅलिग्युलाने त्याला बोलावून घेतलं. नातं काय, तर टॉलेमीची आई आणि कॅलिग्युलाची आजी या सावत्र बहिणी, दोघी अँटनीच्या मुली. म्हणजे टॉलेमी कॅलिग्युलाच्या वडिलांचा मावसभाऊ, नात्याने काकाच. आधी सन्मानाने स्वागत झालं. मग एका खेळाच्या वेळी टॉलेमी प्रेक्षागारात आला आणि त्याच्या जांभळ्या झग्याच्या झळाळीने सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. तेवढ्यावरून कॅलिग्युलाने त्याला मारवलं, असं रोमन चरित्रकार स्वेटोनियस सांगतो.

जांभळा. बापाने अटलांटिकच्या बेटांवर कारखाने घालून काढलेला रंग.

टॉलेमीचा मुक्त केलेला गुलाम ऐडेमॉन मालकाच्या खुनाचा सूड म्हणून बंड करून उठला. रोमने ते चिरडलं. पुढचा सम्राट क्लॉडियसने मॉरेटानियाचे दोन प्रांत केले. एकाला नाव दिलं सीझेरिएन्सिस, या गावावरून. राजघराणं संपलं.

मंदारने सारडीन तळून घेतले होते. मी खाल्ले नाहीत. तो काही बोलला नाही. पुडा बंद करून ठेवला, चहा मागवला, आणि पुदिन्याच्या त्या गोड चहाचे दोन पेले होईपर्यंत आम्ही नुसते समुद्राकडे बघत राहिलो.

दिवस सहावा: अल्जीयर्स, हम्माची बाग

परतीचं विमान रात्रीचं. दिवसभरासाठी मंदारने हम्माच्या वनस्पतिउद्यानात नेलं. १८३२ मध्ये सुरू झालेली ही बाग डोंगराच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंत उतरते. इथे एक रस्ता दोन्ही बाजूंनी ड्रॅगन वृक्षांचा आहे. उलट्या छत्रीसारखं झाड, आणि सालीला चीर दिली की रक्तासारखा लाल डिंक. मूळचं कॅनरी बेटांवरचं, जिथे जूबाची माणसं कुत्रे बघून आली.

चालता चालता मी मंदारला जूबाच्या वैद्याची गोष्ट सांगितली. वैद्याचं नाव युफोर्बस. ऑगस्टसचा जीव वाचवणाऱ्या अँटोनियस मूसाचा हा भाऊ. अ‍ॅटलास डोंगरात जूबाला एक काटेरी, पांढऱ्या चिकाचं झाड सापडलं. त्याचं नाव राजाने स्वतःवरून ठेवलं नाही. वैद्यावरून ठेवलं: युफोर्बिया. त्या झाडावर अख्खी पुस्तिका लिहिली. चीक इतका जहाल की लांब काठीने फांदी चिरायची आणि खाली करडाच्या पोटाची पिशवी धरायची, असं प्लिनीने त्यातूनच उतरवून घेतलंय. अठराव्या शतकात लिनिअसने तेच नाव अख्ख्या प्रजातीला दिलं. नाताळात कुंड्यांतून दिसणारी लाल पानांची पॉइन्सेटिया ही युफोर्बिया. आपला त्रिधारी निवडुंग युफोर्बिया. आणि शेर.

"शेर? आजोळच्या मळ्याला होतं ते कुंपण?"

तेच. शहराला सम्राटाचं नाव दिलं, मुलाला बायकोच्या घराण्याचं, झाडाला वैद्याचं. स्वतः जिथे झोपला त्या कबरीला लोक रूमियाची म्हणतात. जूबाचं नाव एका झाडाला मिळालं ते त्याच्या मागे अठराशे वर्षांनी, आणि ते झाड आहे चिलीतला एक पाम. त्या देशाचा त्याला पत्ताही नव्हता.

पुढच्या वळणावर काटेरी झाडांचा वाफा होता. हिरवे, चौकोनी, बोटाएवढ्या काट्यांचे खांब दाटीने उभे. एकाची कड मोडलेली आणि तिथे पांढरा थेंब गोठलेला. मी वाकून बघायला गेले.

मंदार सहा वर्षांचा असताना त्याने शेराची फांदी मोडली होती आणि चीक डोळ्यात गेला होता. आजीने रात्रभर त्याच्या डोळ्यावर तुपाच्या घड्या ठेवल्या. मी त्याचे हात धरून बसले होते, त्याने डोळे चोळू नयेत म्हणून. पन्नास वर्षं होतील आता त्याला.

त्याने माझं मनगट धरून मला मागे ओढलं.

"ताई, हात लावू नकोस. चीक उडतो."